वन्संचा दिवा

सकाळी दुकानाचं दार उघडलं, शिवणयंत्रावरचं फडकं काढलं आणि सवयीनं वर बघितलं. दिवा लागलेला नव्हता.

"अजून उठल्या नसतील वन्सं," मी म्हटलं.

हे कात्रीला धार लावत बसले. कात्रीला धार परवाच लावून झाली होती.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. हे कापतात, शिवतात. मी काज, बटण, तुरपाई बघते. पण यांचा खरा जीव मागच्या खोलीतल्या टेबलात. तिथे मोडके रेडिओ, जुन्या खेळण्यांच्या मोटारी, कुणी टाकून दिलेले टेलिफोन आणि तारांचे गुंते. सोल्डरिंगची सळई तापली की सगळ्या घरात कथलाचा वास सुटतो, आणि मग यांना हाक मारून उपयोग नसतो. बॉबिनमधला दोरा संपत आला की टुणटुण वाजणारं एक यंत्र यांनी केलंय, ते चांगलं आहे. दूध उतू जायच्या आधी ओरडणारं एक केलं, ते मी इस्त्री फिरवली तरी वाफेनं ओरडायचं. माझ्या बटणांच्या डब्यांत यांचे ते रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर नेहमी सापडतात. एकदा घाईत मी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बटण म्हणून तसलाच काहीतरी चकतीचा भाग लावून दिला होता. गिऱ्हाइकाला तो आवडला. आणखी आहेत का म्हणून विचारायला आला.

वन्संचा दिवा हे यांचं सगळ्यात लाडकं काम. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. दोन गल्ल्या पलीकडे वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. एकुलता एक मुलगा नोकरीपायी दूर. तो कधीपासून म्हणतोय, आई, माझ्याकडे ये. वन्संचं एकच उत्तर, "माझ्या हातानं चहा करून पिता येतोय तोवर मी इथून हलणार नाही."

ते चहाचं बोलणं यांनी अगदी मनावर घेतलं. वन्संच्या ओट्यापाशी, जिथे उभं राहून त्या चहा करतात, तिथे यांनी एक पायपुसणं टाकलं. आत चांदीच्या कागदाचे दोन थर, मधे भोकं पाडलेला स्पंज. वजन पडलं की वरचा कागद खालच्याला टेकतो. त्याच्या तारा एका बिनतारी दारघंटीच्या बटणाला जोडल्या, आणि घंटीचा दुसरा भाग आमच्या दुकानात, यंत्राच्या वर खिळ्याला टांगला. त्यातला आवाज काढून टाकून मटाराच्या दाण्याएवढा हिरवा दिवा बसवला. एकदा लागला की आम्ही विझवेपर्यंत तेवत राहतो. मधल्या इमारती आड येत होत्या, तर गच्चीवर उंच तार उभी केली. ती पहिल्यांदा चालली त्या दिवशी हे मुलाचा निकाल लागल्यासारखे घरभर फिरत होते.

तेव्हापासून रोज उजाडता उजाडता दिवा लागायचा. वन्संचा चहा झाला, वन्सं ठीक आहेत. भाचा सकाळच्या सुट्टीत यांना फोन करायचा, "मामा, लागला?" हे म्हणायचे, "लागला." झालं.

आज मात्र ऊन दुकानाच्या पायरीवर आलं तरी दिवा नाही.

"फोन करून बघा ना."

यांनी केला. नुसता वाजत राहिला. परत केला. परत वाजत राहिला.

"न्हाणीत असेल," हे म्हणाले.

"चहाच्या आधी? वन्सं?"

"मग बॅटरी गेली असेल तिकडची."

"बॅटरी वन्संनी मागच्या आठवड्यातच बदलली. फोनवर म्हणाल्या होत्या."

हे उठून मागे गेले, टेबलावरून दुसरं बटण घेऊन आले आणि दाबलं. दिवा झटकन लागला. हिरवागार. म्हणजे आमच्याकडचं सगळं धडधाकट होतं.

"इकडचं ठीक आहे," हे म्हणाले आणि दिवा विझवला. "तारेवर काहीतरी बसलं असेल. पतंग वगैरे."

"अहो, दिवा तपासायचाय का माणूस? जाऊन या ना तुम्ही."

"आणि मागल्यासारखं झालं तर?"

मागल्या वेळी काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. असाच एकदा दिवा लागला नाही. हे अनवाणी धावत सुटले, वाटेत चार माणसं गोळा केली आणि वन्संच्या दाराची कडी तोडली. वन्सं न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आल्या तर घरात भरलेली सभा. पायपुसण्यातली एक तार सुटली होती, एवढंच. वन्सं यांना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खटपट्या, मी मेले तर तुझ्या दिव्याला विचारून मरेन हो." लोक हसले. पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी भाच्याला फोन करून सगळी हकिकत सांगितली. भाचा घाबरून आला आणि स्पष्ट बोलला, "मामा, पुन्हा असं काही कानावर आलं तर मी आईला घेऊन जाणार. मग रडा की भांडा." वन्संनी त्या दिवशी यांच्याकडून वचन घेतलं. उगाच धावत यायचं नाही, बोभाटा करायचा नाही.

म्हणून हे बसून होते. जावं तर बोभाटा आणि वन्संचं घर सुटणार. न जावं तर... ते पुढचं आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

तेवढ्यात बसचे कंडक्टर आले. त्यांची गणवेशाची पँट लांब होत होती, ती आखूड करून हवी होती, उभ्या उभ्या. लुंगीवरच आले होते.

"मास्तर, जरा पटकन. ड्यूटी लागायचीय."

यांनी पँट यंत्राखाली घेतली. पाय चालत होते, डोळे वर खिळ्याकडे.

"काय मास्तर, आज नवीन काय बनवलंत? माझ्या पँटलाही एक दिवा बसवून द्या. चेन उघडी राहिली की लागायला पाहिजे. पॅसेंजर हसतात हो."

एरवी हे असल्या बोलण्यावर लगेच कागद-पेन्सिल घेतात. दिवा कुठे, बॅटरी कुठे, चेनच्या दातांतून वीज जाईल का, इथपर्यंत जातात. आज नुसतं "हं" म्हणाले. दोरा तोडला आणि पँट पुढे केली.

कंडक्टर आतल्या बाजूला जाऊन घालायला लागले आणि तिथूनच ओरडले, "मास्तर! अहो, पाय बाहेर कुठून काढू?"

यांनी एका पायाचं तोंडच शिवून बंद केलं होतं. पोत्यासारखं.

मी पँट घेतली, शिवण उसवली, हातानंच भराभर टाके घालून दिली. कंडक्टर माणूस चांगला. जाता जाता म्हणाले, "मास्तरांना आज बरं नाही वाटतं. निजू द्या." ते गेले, आणि मी दुकानाचं दार ओढून घेतलं.

"मी चालले. बोभाटा झाला तर माझ्या नावावर घाला."

वन्संच्या नव्या कुलपाची किल्ली आमच्याकडे असते. ती घेतली. मनगटाला बांधलेली टाचण्यांची गादी सोडायचंही सुचलं नाही. मागे वळून बघते तर हे येत होते, हातात मीटर. वीज तपासायचा तो काळा-लाल तारांचा मीटर.

"तो कशाला?"

"असू दे. बॅटरीच असेल. असू दे हातात."

मला तेव्हा त्यांच्यावर चिडता आलं नाही. हातात तो मीटर आहे तोवर तिकडे काहीतरी यंत्रच बिघडलंय, असं त्यांना वाटत राहणार होतं.

रस्त्यात आम्ही पळालो नाही. पळालो असतो तर लोकांनी विचारलं असतं. बाजारात निघाल्यासारखं चालत होतो. दूधवाल्यानं विचारलं, "काय जोडीनं?" मी हसले देखील. काय हसले कुणास ठाऊक. वन्संच्या इमारतीच्या जिन्यावर खालच्या बाई झाडत होत्या. त्यांना हे म्हणाले, "बॅटरी बदलायची होती," आणि मीटर दाखवला.

दाराशी मी हळूच हाक मारली. "वन्सं?"

काहीच नाही. किल्ली कुलपात घातली, पण माझ्याच्यानं ती फिरवेना, तेव्हा यांनी हात पुढे केला. दोघांनी मिळून फिरवली.

वन्सं जमिनीवर होत्या. पलंग आणि ओटा यांच्या मधोमध, भिंतीला पाठ टेकून, एक पाय पसरून. अंगावर पलंगावरची चादर ओढून घेतलेली. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे उघडे. आम्हाला बघून पहिलं काय म्हणाल्या?

"दार लावा आधी. ती खालची बाई वर येईल."

मी दार लावलं आणि त्यांच्याजवळ बसले. हात गार होते. "कधीपासून अशा बसलाय? कुठे लागलंय? फोन वाजत होता ना!"

"ऐकत होते. पलंगावर आहे तो. हात कुठे पोचतोय."

"अहो, बघता काय, पाणी द्या!" मी यांना म्हटलं.

पण हे दारातच उभे होते, मान वर करून. मी त्यांच्या नजरेमागे बघितलं. पलंगाच्या दांडीला एक दोरी बांधलेली. लेंग्याच्या नेफ्यात आम्ही घालतो तसली जाड पांढरी दोरी, आमच्याच दुकानातली. ती वर खिडकीच्या गजावरून गेलेली, तिथून ओट्याच्या वर, फळीच्या खिळ्यात अडकवलेल्या एका रिकाम्या लाकडी रिळावरून खाली. आणि तिच्या टोकाला पाण्यानं भरलेला डबा. डबा पायपुसण्याच्या बरोबर वर, हातभर उंचीवर लोंबकळत होता.

"हे कुणी केलं?" यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कोण करणार? मी."

"पलंगावरून दोरी सैल सोडली की डबा खाली बसतो?"

"बसतो आणि तुझा दिवा लागतो. ओढली की वर. तू काय, घरातली सगळी अक्कल एकटाच घेऊन आलास?"

हे दोन पावलं पुढे गेले. रिळाकडे बोट केलं. "कड उथळ पडते गं रिळाची. दोरी घसरून फटीत बसलीय. म्हणून डबा अडकला. मोठ्या कडेचं रीळ घ्यायला हवं होतंस... पण ताई, वजन अगदी बरोबर धरलंयस तू. अगदी..."

"अहो!" मी इतकी ओरडले की मीच दचकले. "त्या खाली बसल्यात! त्यांच्याकडे बघा!"

यांनी तेव्हा खाली बघितलं. मीटर हातातून पडला. यांना रडताना मी फार कमी वेळा बघितलंय.

मग पाणी पाजलं, ओट्याकडे सरकवून नीट टेकवून बसवलं, आणि वन्संनी सगळं सांगितलं, तेही मला सांगितल्यासारखं, भावाकडे न बघता. थंडी पडल्यापासून सकाळी गुडघे धरतात. ऊन चढेपर्यंत उभं राहवत नाही. मग हळूहळू सुटतात, त्या उठतात, दिवसभर सगळं करतात. पण दिवा उजाडता लागायला हवा. उशिरा लागला तर खटपट्या माणसं गोळा करून येणार, आणि पोरगा सामान बांधणार. म्हणून ही दोरी. आज दोरी सोडली तर डबा खाली जाईना. फोन येऊ लागले. कसंबसं उठून ओट्यापर्यंत जावं म्हणून निघाल्या आणि पाय मुडपला.

"म्हणजे गुडघे दुखत असताना दिवा लावायला उठलात?" मी विचारलं.

"नाहीतर कशाला उठले असते? चहाची काही घाई नव्हती मला."

ते ऐकून हे मटकन पलंगावर बसले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. थंडीभर रोज सकाळी ते त्या हिरव्या ठिपक्याकडे बघून निश्चिंत होत होते. आणि तो ठिपका एक पाण्याचा डबा होता.

मी वन्संचा घोटा बघितला. टम्म सुजला होता. पायाची बोटं हलत होती. कंबर दाबून बघितली, ओरडल्या नाहीत. तरी मांडीचं हाड असेल तर काय? "डॉक्टरांना आणा," मी यांना म्हटलं. हे उठले, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

आम्ही तिघं त्या फोनकडे बघत राहिलो. भाच्याचाच.

वन्संनी एकदम अंग पुढे लोटलं, वेदनेनं दात खाल्ले, हात लांब केला आणि तळवा पायपुसण्यावर टेकून दाबला.

"लागला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुझ्या दुकानात आत्ता लागला. सांग त्याला. खोटं नाही बोलायचंय तुला. नुसतं लागला म्हण."

फोन वाजतच होता. हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? लागला म्हटलं तर उद्या त्या पुन्हा अशाच पडणार, आणि उद्या आम्हाला कळणारही नाही. नाही म्हटलं तर हे घर, ही भांडी, खिडकीतल्या कुंड्या, सगळं रविवारी बांधलं जाणार. वन्संचा हात अजून पायपुसण्यावरच होता.

यांनी फोन कानाला लावला.

"मामा, लागला?"

"लागला," हे म्हणाले. वन्संनी डोळे मिटले. "पण त्यात काही अर्थ नाही बाळा. तुझी आई पडलीय. मी इथेच आहे."

वन्संनी हात उचलला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

पलीकडे आरडाओरडा सुरू झाला. मी सांगितलं होतं, मी बजावलं होतं, मी आज निघतो, तिचं सामान भरा. हे "हो, हो" करत होते. मला राहवलं नाही. फोन मी घेतला.

"हे बघ, आधी डॉक्टर बघतील. नंतर तू काय ते ठरव. पण त्या एकट्या आहेत म्हणून पडल्या नाहीत. आपल्या तिघांना सकाळी दिवा हवा होता, तो लावायला उठल्या म्हणून पडल्या."

"मामी, मग मला कळणार कसं? मी इतक्या लांब..."

"मला फोन कर ना!" वन्संनी भिंतीकडे बघतच म्हटलं. आवाज इतका मोठा होता की त्याला सरळ ऐकू गेला असावा. "दिवा बसल्यापासून रोज मामाला फोन करतोस. मला कधी केलास सकाळी? आणि हा दोन गल्ल्यांवर राहतो, हा तरी कधी आला? आधी रोज चहाला यायचा मेला. दिवा बसवला आणि यायचा बंद झाला."

भाच्यानं ते सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मामी, आईला द्या."

मी फोन वन्संच्या कानाशी धरला. काय बोलला ते कळलं नाही. वन्सं नुसतं "हं" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "ये की. ये, पण बांधाबांध करायला येऊ नकोस. चार दिवस राहायला ये, आणि सकाळी माझे गुडघे कसे असतात ते बघ. मग बोल." पुन्हा थोडं ऐकलं. "नाही रे, दुखतंय फार. खोटं कशाला सांगू."

ते 'दुखतंय' त्या कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बोलल्या असतील.

डॉक्टर आले. हाड शाबूत होतं. घोटा मुरगळलेला आणि गुडघ्यांची सूज, तिला औषध, शेक आणि व्यायाम सांगितला. खालच्या बाई अर्थात वर आल्या, सगळं बघून गेल्या, आणि यांनी त्यांना काही लपवलं नाही. भाचा आला, चार दिवस राहिला. पहिल्या सकाळी आई पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत असताना तो शेजारी बसून राहिला. जाताना म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत बघू." वन्संनी तेवढं मान्य केलं. उन्हाळ्यात काय होईल ते मला माहीत नाही.

पायपुसणं यांनी काढलं. भांडण झालं ते दोरीवरून. वन्सं म्हणत होत्या, दोरी माझी आहे, राहू दे. यांना ती सोडवून मोठ्या कडेच्या रिळावर बसवायची होती. दोघं तासभर हमरीतुमरीवर आले होते, आणि मला कितीतरी दिवसांनी श्वास घेता आला.

आता हे सकाळी दुकान उघडायच्या आधी तिकडे जातात. बऱ्याचदा मीही जाते. खरं सांगायचं तर दिवा होता तेव्हाचं बरं होतं, बसल्या जागी काळजी मिटायची. आता रोज तो जिना चढावा लागतो. मधल्या वळणावर हे उगाच थांबतात आणि चपलेचा पट्टा नीट करतात. मग आम्ही वर जातो, हे किल्ली काढतात. आतून काही ऐकू येतंय का म्हणून दोघंही दाराला कान लावून उभे राहतो. कधी खोकला ऐकू येतो, कधी पलंग करकरतो. आणि कधी काहीच ऐकू येत नाही. त्या दिवशी किल्ली कोण फिरवणार, यावर आमचं दारातच खुणांनी भांडण होतं.